भेट झाली

"एकाच माणसाला धरून बसू नका हं," ग्रंथालयातल्या बाईंनी तिला कार्ड देतानाच बजावलं होतं. "दोन-चार घरं जोडा. एकच माणूस असलं की त्याच्यावर हक्क सांगावासा वाटतो, आणि मग सगळंच अवघड होतं." तिनं मान डोलावली होती. पण अर्धं लक्ष कडेवरच्या लेकीकडे, चिमणीकडे होतं, कारण चिमणी टेबलावरचा शिक्का पळवायच्या बेतात होती. आणि उरलेल्या अर्ध्या लक्षानं तिनं मनात म्हटलं होतं, इथे एक माणूस मिळायची मारामार आणि या बाई दोन-चारांच्या गोष्टी करतायत. सल्ला द्यायला यांचं काय जातंय! बाईंनी कार्डावर एक नाव आणि एक फोन नंबर लिहिला, चिमणीच्या हातून शिक्का सोडवून घेऊन तो मारला, आणि शाई वाळायच्या आत ती तो सल्ला विसरूनही गेली.

नवऱ्याची बदली झाली म्हणून ती या शहरात आली होती. पंपांच्या कारखान्यात तो तपासनीस होता, सकाळी सातला जायचा, संध्याकाळी सातला कानात यंत्रांची घरघर घेऊनच परत यायचा आणि जेवताना काही विचारलं की "आँ?" म्हणायचा. शहर धड मोठं नव्हतं, धड लहानही नव्हतं. मोठ्या शहरात कोणीच कोणाला ओळखत नाही, त्यामुळे एकटं असण्याची लाज वाटत नाही. लहान गावात चार दिवसांत सगळे नावानिशी ओळखायला लागतात. इथे मात्र सगळे एकमेकांना ओळखत होते आणि तेवढं तिला कोणी ओळखत नव्हतं. पहिले चार महिने ती दूधवाल्याशिवाय कोणाशीही बोलली नाही. तोही "अर्धा की एक?" एवढंच विचारायचा, पण ती त्यासाठी केस विंचरून दारात उभी राहायची. आईला फोनवर हे कसं सांगणार? आई विचारायची, "काय गं, झाल्या का ओळखी?" आणि ही म्हणायची, "हो तर! समोरची आहे ना, तिला जुळी आहेत." समोर कोणीच नव्हतं, समोर गोदामाची भिंत होती. पण एकदा जुळी झाल्यावर ती वाढायला लागली, रांगायला लागली, आई त्यांच्या दातांची चौकशी करायला लागली, आणि एका दुपारी चिमणीला घास भरवताना तिच्या लक्षात आलं, की आपण त्या जुळ्यांच्या आईवर खरोखरच रुसलो आहोत, कारण ती बऱ्याच दिवसांत फिरकली नव्हती. त्या दिवशी तिला आपलीच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात गेली. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली बाई, निदान पुस्तकं तरी वाचू या, असं स्वतःला सांगत गेली. आणि तिथे फळ्यावर चिकटवलेला कागद दिसला. शहरात नव्यानं आलेल्यांसाठी 'सोबत'. जुन्या माणसानं एका नव्या माणसाला सहा महिने धरून ठेवायचं, शहर दाखवायचं, आठवड्यातून निदान एकदा भेटायचं. बुधवारी ग्रंथालयातल्या वहीत 'भेट झाली' किंवा 'भेट झाली नाही' असं लिहून सही करायची. 'झाली नाही' असं आलं, की बाई लगेच दुसरं कोणीतरी पाठवायच्या. सहा महिने झाले, की कार्ड परत करायचं. ते दुसऱ्या कोणाला तरी मिळायचं.

तिच्या कार्डावर नाव होतं मावशींचं. मावशींनी एकतीस वर्षं पोस्टात टपालाची वर्गवारी केली होती. माणसाचा चेहरा विसरतील, पत्ता नाही. रस्त्यात कोणी भेटलं की "अहो, दोन जिने, उजवीकडचं दार!" अशी हाक मारायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी तिला शहर पायी दाखवलं. उगाच सुई टोचत नाही तो डॉक्टर. मागितला तर अर्धा ब्रेड कापून देणारा बेकरीवाला. कोर्टाच्या मागचा बाक, जिथे दुपारी चारपर्यंत सावली हलत नाही. आणि पाण्याची टाकी. टाकीखाली उभं राहून मावशींनी वर हात केला होता. "लग्नाआधी आमच्या ह्यांनी मला हिच्यावर चढवलं होतं. उतरताना एक चप्पल वरच राहिली. चाळीस वर्षं झाली. गावाला पाणी अजून माझ्या चपलेवरून येतं." ती इतकी हसली होती, की कडेवरची चिमणी दचकून रडायला लागली. चार महिन्यांत तिचं पहिलं हसणं होतं ते. आणि मावशी तिच्या दंडाला धरून म्हणाल्या होत्या, "तुला बघितलं आणि वाटलं, हिच्याशी आपलं जमणार." ते वाक्य तिनं घरी नेलं. भांडी घासताना काढून बघितलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो "आँ?" म्हणाला, पण त्यालाही दुसऱ्यांदा सांगताना तितकंच छान वाटलं. मग सहा महिने मावशी तिच्याच होत्या. ओळख करून देताना म्हणायच्या, "ही माझी नवी." सहा महिने संपले तेव्हा बाईंनी कार्ड मागितलं. ती म्हणाली, हरवलं. कार्ड तिच्या कपाटात रुमालांखाली होतं. बाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि मग ड्रॉवरमधून कोरं कार्ड काढलं.

तर त्या दुपारी ती चिमणीचं औषध घेऊन दुकानातून बाहेर पडली, आणि रस्त्यापलीकडे, टाकीखाली, मावशी उभ्या होत्या. एक हात वर. शेजारी एक बारीक चणीची बाई, पाठीवर पिवळी पिशवी, खांद्यावर झोपलेलं मूल. रस्त्यावर एवढी रहदारी, एक शब्द ऐकू येत नव्हता, पण तिला एकूण एक शब्द ऐकू आला. आता लग्नाआधी. आता चप्पल. आता चाळीस वर्षं. आणि नेमकं त्याच जागी, पाणी चपलेवरून येतं त्या जागी, ती बारीक बाई मान मागे टाकून हसली. मावशींनी तिचा दंड धरला. म्हणजे ते वाक्यसुद्धा. तिला वाटलं होतं, आपल्याला बघून ते मावशींच्या तोंडून निघालं. ते तर ठेवलेलंच होतं, दाराशी ठेवलेल्या पायपुसण्यासारखं, येईल त्यानं पाय पुसावेत. चिमणी हातातली बाटली ओढत होती. "दे, दे," म्हणत होती. ती जागची हलली नाही. आता कुठे जाणार, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टर झाला असणार, आता बेकरी. ती चक्क त्यांच्या मागून चालायला लागली, रस्त्याच्या या बाजूनं, खांबामागून, उभ्या गाड्यांमागून. आपण काय करतोय हे कळत होतं, एम. एस्सी.चा अर्ज भरलेली, लग्नामुळे ती राहून गेलेली, एका लेकराची आई, आणि एका साठीच्या बाईच्या मागावर! कॉलेजात एका मुलीचा प्रियकर दुसऱ्याच मुलीबरोबर दिसला होता, तेव्हा तिनं रडणाऱ्या मैत्रिणीला किती शहाणपणानं समजावलं होतं, की माणूस म्हणजे काही वस्तू नव्हे. तो शहाणपणा आता कुठे गेला होता कोण जाणे. तिला फक्त एवढंच बघायचं होतं, की बेकरीवाला त्यांनाही अर्धा ब्रेड देतो का.

त्यानं दिला. वर मुलासाठी एक बिस्किटही दिलं. तिच्या वेळी बिस्किट नव्हतं.

"अगं, तू? इथे काय करतेस खांबामागे?" मावशींनी तिला पकडलंच. "ये, ये. बरी भेटलीस. ही माझी नवी." हिच्या डोळ्यांदेखत ते नावसुद्धा दुसरीला गेलं. नवी हसली. मनगटापर्यंत हात गुलाबी, उकडल्यासारखे. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, गरम चादरी रोलरमधून काढायच्या, घड्या घालायच्या. नवरा दूर कुठेतरी पुलाच्या कामावर, चार-चार महिने येत नाही. खांद्यावरचं मूल म्हणजे मुलगी होती, चिमणीच्याच वयाची, पण अजून चालत नव्हती. चिमणी चालते, हे तिच्या मनात आधी आलं आणि तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं. नवी म्हणाली, "तुमच्याबद्दल मावशी खूप सांगतात हो."

"हो का? काय सांगतात?"

"हेच, की तुम्ही आलात तेव्हा चार महिने दूधवाल्याशिवाय कोणाशी बोलला नव्हतात. आणि ती जुळी!" नवी पुन्हा हसली, तोंडावर हात ठेवून. "मला इतका धीर आला ते ऐकून. म्हटलं, आपण एकट्याच नाही वेड्या."

कानशिलं तापली म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. जुळ्यांची गोष्ट तिनं जगात एकाच माणसाला सांगितली होती, कोर्टामागच्या बाकावर, आवाज खाली आणून. मावशी तेव्हा हसल्या नव्हत्या. त्यांनी नुसता तिचा हात हातात घेऊन ठेवला होता. आणि आता तीच गोष्ट या पिवळ्या पिशवीवालीला धीर यावा म्हणून खर्ची पडली होती. मावशींना त्यात काही वावगं वाटलं नसणार, हेही तिला समजत होतं. मावशींचं आयुष्यच इकडचं तिकडे पोचवण्यात गेलं होतं. पण आपलं पत्र दुसऱ्याच्या दारात पडलेलं बघितल्यावर माणसाचं जे होतं, ते तिचं झालं. ती म्हणाली, "छान. या कधी घरी." आणि मुद्दाम पत्ता सांगितला नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, दुसऱ्या शहरात, मुलाकडे राहून. निदान पाच आठवडे. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मावशी तिच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होत्या, आणि ती मनात म्हणत होती, बघ, शेवटी निरोप घ्यायला माझ्याकडेच आल्या. मावशींनी कप खाली ठेवला.

"एक काम करशील माझं?"

"सांगा ना. झाडांना पाणी घालू?"

"झाडं मरोत. नवीकडे बघशील? रोज नको, आठवड्यातून एकदा जा. फार तर दोनदा. ती स्वतःहून काही बोलायची नाही, मानी आहे. तूही तशीच होतीस, म्हणून तुला सांगते. बाईंना मी सांगून ठेवलंय, वहीत तुझी सही चालेल."

"त्यात काय एवढं, जाईन की," ती म्हणाली. "मला पण तेवढीच सोबत."

आणि ती गेलीही. हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पहिल्याच मंगळवारी, चिमणीला कडेवर आणि केळ्यांची पिशवी हातात घेऊन ती इस्त्रीच्या दुकानावरच्या त्या खोलीशी पोचली. जिन्याला वाफेचा आणि जळक्या कापडाचा वास होता. दार लोटलेलं होतं. कडी वाजवायला हात उचलला, आणि आतून आवाज आला, "काहीतरीच तुमचं, मावशी!" मग ते हसणं. मग, "नाही हो, तुम्ही आधी पाय वर ठेवा बघू." ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. हिनं चार वेळा फोन केला होता, प्रत्येक वेळी मुलानं उचलला, आई झोपलीय म्हणाला. आणि इथे फोनवर गप्पा चालल्या होत्या. तिचा हात तसाच वर राहिला. चिमणीनं विचारलं, "कोणाचं घर?" तिनं चिमणीच्या तोंडावर हात ठेवला आणि एकेक पायरी, आवाज न करता, खाली उतरली. इस्त्रीवाला वर न बघता म्हणाला, "आहेत की वर." ती म्हणाली, "भेटले." केळी घरी आली. नवऱ्यानं दोन खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ग्रंथालयात वही समोर आली. दोन रकाने. तिनं विचार केला, दारापर्यंत तर गेले होते. आवाज ऐकला. मजेत होती. भेट म्हणजे आणखी काय असतं? 'भेट झाली.' खाली सही. बाई म्हणाल्या, "वा! नाहीतर या आठवड्यात मी दुसरं कोणी बघणार होते." ती म्हणाली, "छे छे, मी आहे ना." त्याच दुपारी चार वाजता, चिमणी झोपलेली असताना, मावशींचा फोन आला. त्यांचाच, स्वतःहून! "गेली होतीस?" मावशींनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात एवढी काळजी, एवढं कौतुक होतं, की तिच्या तोंडून सगळं आपोआप निघायला लागलं. हो, गेले होते. केळी नेली होती. पोरीनं माझं बोट धरलं. मावशी ऐकत होत्या, "हं, हं, मग?" म्हणत होत्या. त्या "मग?"साठी तिनं काय वाटेल ते दिलं असतं. आईला जुळी रचून सांगताना तिला लाज वाटायची. इथे तसं काही वाटलं नाही, उलट अंगात एक प्रकारचा उत्साह आला. दुसऱ्या आठवड्यात तिनं, फोनवरच, त्या पोरीला एक पाऊल टाकायला लावलं. तिसऱ्या आठवड्यात एक फ्रॉक दिला, निळा, पुढे दोन खिसे. दर तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला फोन यायचा आणि त्याच्या आधी ती पदर खोचून बसायची, आज काय सांगायचं ते मनाशी जुळवत. मावशी तिला नवीबद्दल विचारत होत्या हे खरं, पण विचारत तिला होत्या. नवीच्या वाटेनं का होईना, मावशी पुन्हा तिच्या घरी यायला लागल्या होत्या. खरी नवी तिला लागतच नव्हती. खरी नवी मध्ये आली असती तर हे सगळं विसकटलं असतं. म्हणूनच तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी भर दुपारी फोन वाजला, नाव नसलेला, मावशींनी लिहून दिलेला नंबर दिसला, तेव्हा तिनं तो ओळखला आणि वाजू दिला. सहा वेळा वाजून बंद झाला. चिमणी झोपली होती, असं तिनं स्वतःला सांगितलं. चिमणी तेव्हा पलंगाखालून चपला ओढून बाहेर काढत होती. फोन पुन्हा आला नाही. बुधवारी तिनं वहीत लिहिलं, 'भेट झाली.' हे तिसऱ्यांदा.

गुरुवारी चारला मावशी फोनवर म्हणाल्या, "काल तिच्याशी बोलले बाई. तीही तुझंच कौतुक करत होती."

"कोण?"

"कोण काय? नवी. म्हणाली, फ्रॉक छान बसला. आणि परवा तुम्ही दोघी कोर्टामागच्या बाकावर बसला होतात म्हणे, पोरींना घेऊन. तिची पोरगी चिमणीला बघून चालायला बघते म्हणाली. मला इतकं बरं वाटलं गं! म्हटलं, आता पाय राहिला काय नि गेला काय."

फोन ठेवल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. नळ नीट बंद झाला नव्हता. थेंब पडत होते आणि ती ते ऐकत होती. फ्रॉकचं एक वेळ समजू शकत होतं, मावशींनीच आधी विचारलं असेल, फ्रॉक कसा आहे, आणि ती हो म्हणाली असेल. पण बाक? बाकाचं हिनं कधीच सांगितलं नव्हतं. ते नवीनं स्वतः रचलं होतं. दोघी एकमेकींना न भेटता एकाच माणसाला एकच खोटं सांगत होत्या, पाळीपाळीनं, एकीनं फ्रॉक आणायचा, दुसरीनं तो घालायचा. का? तिनं मला उघडं का नाही पाडलं? एक वाक्य पुरलं असतं: "मावशी, त्या तर आल्याच नाहीत." आणि मग, खरं सांगायचं तर, तिच्या मनात आधी भीती आली नाही की दया आली नाही. आधी आली ती चडफड. बाक! नेमका तोच बाक, जिथे मावशींनी माझा हात धरला होता. एवढं रचलं मी तीन आठवडे, पण बाक मला सुचला नाही, तिला सुचला. खोट्यातही मावशींना बरं वाटेल असं तीच बोलून गेली. संध्याकाळभर ती हेच घोळवत राहिली. चिमणीवर खेकसली, भाताला आच जास्त लागली. रात्री झोपताना कुठेतरी, खाली, टोचत होतं की मंगळवारी सहा वेळा फोन वाजला होता. शुक्रवारी तिनं ठरवलं, जायचं. आणि मग ठरवलं, तिनं का खोटं बोलावं, आधी तीच येऊ दे. शनिवार-रविवार नवरा घरी होता. सोमवारी ती गेली.

वरची खोली सताड उघडी होती आणि आत एक माणूस भिंतीला चुना लावत होता. ती पुन्हा खाली आली. इस्त्रीवाल्यानं या वेळी वर बघितलं.

"त्या गेल्या की. शुक्रवारी."

"गेल्या म्हणजे? कुठे?"

"पोरीला ताप होता ना. गेल्या सोमवारपासून. चार दिवस खाडे झाले, तर धुलाईखान्यातून सांगितलं, येऊ नका. मी म्हटलं ताई, कोणाला बोलावू का? माझ्या बायकोला बसवतो पोरीजवळ. तर म्हणाल्या, नको, माझी सोबत येणार आहे." त्यानं इस्त्री उभी केली. "रोज खाली येऊन विचारायच्या, कोणी आलं होतं का हो? दुपारी यायच्या, संध्याकाळी यायच्या. मला वाटलं, येईल कोणीतरी. तुम्हीच एकदा आला होतात ना? कडेवर पोर घेऊन?"

चिमणी त्याच्या टेबलाखालचे कोळसे बघत बसली होती.

"ताप उतरला होता तसा," इस्त्रीवाला म्हणाला, जणू तिचीच समजूत घालत. "मी स्टँडवर सोडलं. दोन बॅगा, ती पिवळी पिशवी, पोर. म्हटलं कुठली गाडी? तर म्हणाल्या, बघते. मला गिऱ्हाईक होतं, मी मागे फिरलो. जरा थांबायला हवं होतं मी."

नंबर बंद होता. तिनं तिथेच, दुकानाच्या फळीला टेकून, सोळा वेळा लावला. तिथून ती थेट ग्रंथालयात गेली, वाटेत कुठेही न थांबता; थांबले तर जाणार नाही हे तिला कळलं होतं. बाईंनी सगळं ऐकलं. मग वही उघडली आणि तिच्याकडे फिरवली. तीन ओळी, तीन सह्या, अक्षर सुंदर. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "माझ्याकडे चार जणी मोकळ्या होत्या. एक तर तिच्या गल्लीतच राहते. तुम्ही 'झाली नाही' एवढं लिहिलं असतंत, तर मी त्याच संध्याकाळी पाठवली असती. नसेल जमत तर नाही म्हणायचं, त्यासाठीच तर तो रकाना ठेवलाय." आणि मग, तिनं अपेक्षा केली होती त्यापेक्षा फार हळू, "बसा. पाणी घ्या. मुलीला द्या आधी." तिनं पेला चिमणीच्या तोंडाला लावला. बाईंनी इस्पितळात फोन लावला, नवीच्या अर्जावरचा जुना पत्ता शोधला. तिथे कोणी फोन उचलला नाही. पुलावर काम करणाऱ्या नवऱ्याचं नाव होतं, पूल कोणता ते नव्हतं.

मावशींना तिनं त्याच दुपारी सांगितलं. चार वाजायची वाट बघितली नाही. काही लपवलं नाही. केळी सांगितली, जिना सांगितला, वाजू दिलेला फोन सांगितला. मग मावशी म्हणाल्या, "तुला काय कमी पडलं गं माझ्याकडून?" काहीच कमी पडलं नव्हतं. दर आठवड्याला मावशी आल्या होत्या, चिमणीच्या आजारपणात रात्रभर जागल्या होत्या. आपल्याला मिळालं होतं, तेवढंच दुसरीलाही मिळतंय, एवढंच तिला सोसलं नव्हतं. मावशी पुढे म्हणाल्या, "आजारी पोर मांडीवर, आणि मला सांगत होती बाकावर बसलो होतो. मला बरं वाटावं म्हणून. माझ्या गुडघ्याला त्रास नको म्हणून!" आणि त्यांचा आवाज फुटला. एकतीस वर्षं पोस्टात काढलेली, कोणाच्याही वाईट बातमीला न डगमगणारी ती बाई फोनवर रडत होती. आणि ती, जिच्यामुळे हे झालं होतं ती, कानाला फोन लावून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, विचार करत होती, माझ्यासाठी अशा कधी रडल्या होत्या का? हा विचार तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. भिंतीवर पाल बघावी तसा. तो गेला नाही. तिथेच राहिला.

मावशी परत आल्या आहेत, काठी घेऊन चालतात. भेटल्यावर बोलतात, चिमणीची चौकशी करतात, बेकरीपर्यंत बरोबर येतात. पूर्वी दंड धरायच्या, आता काठी धरतात. ती दर बुधवारी ग्रंथालयात जाते. तिच्याकडे अजून कोणी नवी दिलेली नाही, आणि तिनं मागितलेलीही नाही. बाईंच्या टेबलाशेजारी बसून ती फोन करते, एकेका शहरातल्या इस्पितळांना, धुलाईखान्यांना, लॉजना, जिथे जिथे चादरी धुतल्या जात असतील तिथे. लोक विचारतात, "तुम्ही तिच्या कोण?" तेव्हा ती फोन दुसऱ्या कानाला लावते. मग म्हणते, "ओळखीची." आणि हे वाचणारे तुम्ही, तुम्ही कुठल्या शहरात राहता ते तिला माहीत नाही, म्हणून तुम्हालाही विचारून ठेवते आहे. तुमच्या गल्लीत गेल्या काही महिन्यांत एखादी बारीक चणीची बाई राहायला आली असेल, मनगटापर्यंत हात गुलाबी, बरोबर एक मुलगी, जी आता चालायला लागली असेल. तर एकदा तिचं दार वाजवा. लोटलेलं असलं, आतून हसण्याचा आवाज येत असला, तरी वाजवा. ती सांगेल, सगळं मजेत आहे. सांगेल, माणसं पुष्कळ आहेत माझी, रोज येतात, कालच बसलो होतो गप्पा मारत. आणि इतकं छान सांगेल, की तुम्हाला घरी परत जावंसं वाटेल. जाऊ नका. आत जा, पोरीच्या कपाळाला हात लावून बघा, आणि दहा मिनिटं तिथे बसा.